बाटलीतलं लोह, गोळीतलं लोह

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. आम्ही दोघी बहिणी. मी २९ वर्षांची. माझा सिकलसेलचा एएस पॅटर्न आहे, म्हणजे मी नुसती वाहक, दोन वर्षांपासून थायरॉईडची गोळी सुरू आहे आणि सध्या पाचवा महिना चालू आहे. धाकटी २२ वर्षांची, तिचा एसएस पॅटर्न, म्हणजे तिला सिकलसेलचा आजारच आहे. लहानपणापासून तिला ४० च्या वर रक्ताच्या बाटल्या लागल्या. मागच्या महिन्यात दुखणं उठलं म्हणून भरती होती, तेव्हा फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याची रक्त तपासणी) २,८६० आलं. दोन वर्षांपासून सिकलची हायड्रॉक्सीयुरिया गोळी घेते. हल्ली सारखी थकलेली असते, उठताना भोवळ येते, रंगही काळवंडला आहे. तिला रक्त लावायला गेलो तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या मुलाचे वडील म्हणाले, अंगात लोह वाढलं की किडनीवरच्या ग्रंथी जळतात, शरीर स्वतःवरच उलटतं आणि थायरॉईड, संधिवात त्यातूनच होतात. घरी आल्यावर मी आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या बंद केल्या. आईला संधिवात आहे, तिचं फेरिटिन ४१० आलं होतं, तिच्याही बंद केल्या. बरोबर केलं का? – एक ताई

उत्तर : ताई, आधी तुमचं, कारण पोटात बाळ आहे. लाल गोळी आजपासून पुन्हा सुरू करा. तुमच्या बहिणीच्या अंगात लोह साठलं आहे, तुमच्या नाही. एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या दोघींमध्ये असा फरक कसा, तेच आज जरा नीट सांगते. लोह जास्त आहे असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो : आलं कुठून?

आपल्या शरीरात सगळं मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असतं. लोखंडी खिळ्याएवढं म्हणा. त्यातलं रोज एक-दोन मिलिग्रॅम झडलेल्या पेशींबरोबर बाहेर जातं आणि जेवणातून तेवढंच आतडं आत घेतं. गरज नसेल तर आतडं दार लोटून घेतं. हे काम हेप्सिडिन नावाचा यकृतात तयार होणारा पदार्थ करतो. पण एकदा आत आलेलं जादा लोह बाहेर टाकायची सोय निसर्गानं ठेवलेली नाही. लघवीतून नाही, घामातून नाही. म्हणून दारावरचा पहारा महत्त्वाचा.

रक्ताची बाटली या पहाऱ्याला वळसा घालून थेट शिरेतून आत येते. एका बाटलीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. ४० बाटल्यांचा हिशोब करा : आठ ते दहा ग्रॅम. म्हणजे जन्मभर शरीर जेवढं बाळगतं त्याच्या दुपटीहून जास्त लोह तुमच्या बहिणीच्या अंगात बाहेरून आलं आहे. त्या बाटल्यांनी तिचा जीव वाचवला, हेही तितकंच खरं. रक्त लावल्याचा पश्चात्ताप करू नका.

तुमच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. त्यातलं थोडंच आतडं आत घेतं, बाकीचं शौचावाटे जातं. शौच काळी होते ती त्यामुळेच. गरोदरपणात बाळासाठी, वारेसाठी आणि बाळंतपणात जाणाऱ्या रक्तासाठी लोहाची गरज इतकी वाढते की धानाच्या भातावर आणि अंबाडीच्या भाजीवर ती भागत नाही. म्हणून १८० दिवस गोळी आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. एएस पॅटर्न असलेल्या बाईला लोह वर्ज्य आहे हा समज आपल्या भागात फार पसरलाय. तो चुकीचा आहे. एएस म्हणजे आजार नव्हे, आणि एएस असलेल्या बाईलाही इतर कुठल्याही बाईसारखीच लोहाची कमतरता होते.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कुणी सांगितली नसावी. थायरॉईडची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घेतली तर पोटात दोन्ही एकमेकींना चिकटतात आणि थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. पहाटे उपाशीपोटी थायरॉईडची, आणि लोहाची त्यानंतर निदान चार तासांनी. दुपारच्या जेवणानंतर ठेवा. गोळीवर चहा पिऊ नका, त्यापेक्षा लिंबू पिळलेलं पाणी घ्या. गरोदरपणात थायरॉईडची गरज वाढते, तेव्हा टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्त तपासणी, या आठवड्यातच करून घ्या. आणि तुमच्या घरच्यांची, म्हणजे नवऱ्याची, सिकलची तपासणी झाली आहे का, हे पत्रात नाही. ते एएस निघाले तर बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक. उद्या धानाच्या बांधीवर जायच्या आधी त्यांना उपकेंद्रात न्या. बाळ झाल्यावर त्याचीही तपासणी लगेच करून घ्यायची.

आता धाकटीचं.

शेजारच्या खाटेवरच्या त्या वडिलांनी सांगितलं त्यात तथ्य आहे, पण गाठोडं एकत्र बांधलंय. जादा लोह यकृतात, हृदयात, स्वादुपिंडात आणि हार्मोन करणाऱ्या ग्रंथींत साठतं, हे खरं आहे. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांत ते ठळक दिसतं, सिकलमध्ये हृदय आणि ग्रंथी त्या मानानं उशिरा आणि कमी सापडतात. लोहाचा स्वभाव रासायनिकदृष्ट्या चिडका आहे. मोकळं लोह पेशीच्या पडद्यातल्या चरबीला गंज चढवतं. पेशी अशा तऱ्हेनं मरते त्याला २०१२ साली फेरोप्टोसिस असं नाव दिलं गेलं. पण ग्रंथींत सगळ्यात नाजूक ठरते ती किडनीवरची नव्हे, मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका, म्हणजे पिट्युटरी. ती बाकी ग्रंथींना हुकूम देते. ती थकली की पाळी लांबते किंवा थांबते, मुलगा असेल तर मिशी फुटत नाही. म्हणून तुमच्या बहिणीची पाळी नियमित आहे का, हा माझा तुम्हाला प्रश्न आहे. पत्रात ते आलं नाही, आणि घरात विचारायला आपण लाजतो.

किडनीवरच्या टोपीसारख्या ग्रंथी म्हणजे ॲड्रिनल, पुस्तकी भाषेत अधिवृक्क. त्या कॉर्टिसोल करतात. ताप, उपास, उन्हातलं काम, बाळंतपण असा कुठलाही ताण शरीर त्याच्या जोरावर पेलतं. त्यांच्यातच दुसरं एक हार्मोन तयार होतं, ते अंगातलं मीठ धरून ठेवतं. लोहामुळं या ग्रंथींचं काम मंदावू शकतं, पण ते बहुतेकदा तपासणीतच दिसतं. माणूस आडवा पडावा इतकं क्वचित घडतं.

मग भोवळ आणि काळवंडणं कशानं? तुमच्या बहिणीच्या बाबतीत काळेपणाची तीन कारणं माझ्या डोळ्यापुढं आहेत. पहिलं आणि सगळ्यात साधं : हायड्रॉक्सीयुरिया. या गोळीनं कातडी आणि नखं काळी पडतात, नखांवर उभ्या काळ्या रेघा येतात. तिची नखं उजेडात पाहा. रेघा असतील तर तो गोळीचा रंग असण्याचा संभव जास्त, आणि त्यासाठी गोळी बंद करायची नाही. दुखण्याचे झटके आणि रक्ताच्या बाटल्या तीच कमी करते. दुसरं, साठलेलं लोह. त्यानं राखाडी, पितळी झाक येते. तिसरं, ॲड्रिनलच निकामी होणं. त्यात तळहाताच्या रेषा, जुन्या जखमांचे वण आणि हिरड्या काळ्या होतात. ऊन हिरड्यांना लागत नाही, म्हणून हिरड्या बघायला मी आता विसरत नाही.

'आता' म्हणते, कारण एकदा विसरले होते. २००९ चा पावसाळा. तळोधीकडची एक चाळिशीची बाई रोवणीच्या दिवसांत माझ्याकडे आली. बारीक झालेली, काळवंडलेली, रक्तदाब ८४ वर ५०. उन्हातान्हात चिखलात वाकून काम करणारी बाई, कमजोरी असणारच, असं मी धरलं. सलाईन लावली, लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन दिवस तिला बरं वाटलं. आठवड्यानं पुन्हा तेच. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तिची सासू सोबत होती. ती म्हणाली, "हे पोरगी मिठाचे खडे चघळते जी, लपून लपून." मी तिचा हात उलटा केला, तळहाताच्या रेषा कोळशानं ओढल्यासारख्या. ओठ खाली ओढला तर हिरड्यांवर काळे डाग. सलाईननं तिला बरं का वाटत होतं ते तेव्हा लक्षात आलं. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, आणि तिचं शरीर मीठ धरूच शकत नव्हतं. तीन वेळा मी तिला मीठ देऊन घरी पाठवलं होतं आणि गोळ्या मात्र लोहाच्या दिल्या होत्या.

नागपूरला सकाळी आठचं कॉर्टिसोल केलं, ते जवळजवळ नव्हतंच. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ॲड्रिनलवर चुन्याचे डाग. लग्नाआधी तिला क्षयरोग झाला होता, हे मी विचारलंच नव्हतं. लंडनमधल्या गाईज हॉस्पिटलच्या थॉमस ॲडिसननं १८५५ साली हा आजार पहिल्यांदा लिहिला, तेव्हा त्याच्या अनेक रुग्णांच्या ग्रंथी क्षयानंच खाल्लेल्या होत्या. श्रीमंत देशांत आज ॲडिसनचं मुख्य कारण ऑटोइम्यून आहे, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांनीच ॲड्रिनलवर हल्ला करणं. आपल्याकडे क्षयाला विसरून चालत नाही. त्या बाईनं पुढच्या वर्षीची रोवणी केली. रोज दोन वेळा हायड्रोकॉर्टिसोनची गोळी, आणि ताप आला की दुप्पट.

बहिणीसाठी म्हणून हे करा. चंद्रपूर किंवा नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात तिला घेऊन जा, आणि सकाळी आठच्या सुमारास रक्त द्यायची तयारी ठेवा. कॉर्टिसोल पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतं, दुपारच्या आकड्यानं दिशाभूल होते. सोबत सोडियम, पोटॅशियम, साखर, टीएसएच, आणि झोपून व उभं राहून रक्तदाब. सकाळचं कॉर्टिसोल अगदी कमी आलं तर निदान जवळजवळ पक्कं. चांगलं भरपूर आलं तर ॲड्रिनल बहुधा ठीक आहेत. मधलं आलं तर एसीटीएचचं, म्हणजे पियुषिकेच्या ॲड्रिनलला हुकूम देणाऱ्या हार्मोनचं, इंजेक्शन देऊन पुन्हा मोजतात. पियुषिकेमुळं बिघाड असेल तर कातडी काळी होत नाही, पोटॅशियम चढत नाही, मिठाची ओढही नसते. लोहानं आधीच काळवंडलेल्या माणसात हे ओळखणं अवघड जातं, म्हणून नुसत्या रंगावरून ठरवायचं नाही. तिच्या थकव्याचं कारण साधं हिमोग्लोबिन खाली जाणंही असू शकतं, तेही त्याच दिवशी बघा.

आणि तपासणीआधी कुणी नुसत्या अंदाजानं स्टेरॉइड सुरू करायला निघालं तर थांबवा. सिकलच्या रुग्णात स्टेरॉइडनं दुखण्याचा झटका उठू शकतो. मात्र ती उलट्या होऊन गळून गेली, रक्तदाब लागेना, असं झालं तर वाट बघायची नाही, दवाखान्यात न्यायचं. तिथं हायड्रोकॉर्टिसोन हेच प्राण वाचवणारं इंजेक्शन ठरू शकतं.

लोह काढायचंच आहे. २,८६० हा आकडा दुखणं उठलेलं असताना घेतला, तेव्हा फेरिटिन फुगतं. तब्येत बरी असताना पुन्हा मोजा. पण ४० बाटल्यांचा हिशोब फुगत नाही. १,००० च्या वर फेरिटिन टिकून राहिलं की लोह बांधून बाहेर नेणारी औषधं द्यायची वेळ आलेली असते. डेफेरासिरॉक्स दिवसातून एकदा, त्यासोबत क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी. डेफेरिप्रोन असेल तर पांढऱ्या पेशींवर नजर, आणि ताप आला की गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासणी. एमआरआयवर यकृतातलं आणि हृदयातलं लोह मोजता येतं. माझ्या एका रुग्णाचे वडील भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक बाटलीला लाल गोल करतात आणि वर्ष संपलं की ते पान फाडून फाइलमध्ये ठेवतात. तुम्हीही असं काही सुरू करा. तिच्या एसएस पॅटर्नला मात्र लोहाची गोळी कुणी 'रक्त कमी आहे' म्हणून देत असेल तर तपासल्याशिवाय घेऊ नका. फॉलिक ॲसिड चालू राहू द्या. ते वेगळं.

आता 'शरीर स्वतःवर उलटतं' याबद्दल. तुमचा थायरॉईड लोहानं बिघडला असं म्हणायला काही आधार नाही. उलट थायरॉईडचं हार्मोन तयार करणाऱ्या एन्झाइमलाच लोह लागतं, आणि ऑटोइम्यून थायरॉईडच्या बायकांत लोह कमी सापडणं हे नेहमीचं. लोहामुळं पेशींची जी हानी होते ती आधीपासून असलेल्या दाहात तेल ओतत असावी, यावर संशोधन सुरू आहे, ल्युपससारख्या ऑटोइम्यून आजारात तर बरंच. पण लोह वाढलं म्हणून ऑटोइम्यून आजार जडला, असं मी रुग्णाला तोंडावर सांगणार नाही. ते सिद्ध झालेलं नाही.

आईंच्या बाबतीत तर गाडी उलट दिशेनं चालली आहे. संधिवाताचा दाह अंगात असला की यकृत हेप्सिडिन जास्त करतं आणि ते साठ्यातलं लोहही अडवून धरतं. कोठी धानानं भरलेली, पण कोठीला कुलूप, आणि चुलीवर आधण नुसतंच उकळतंय, अशी अवस्था. फेरिटिन ४१० हा त्या कोठीचा, आणि त्याहून जास्त त्या दाहाचा आकडा आहे. आईंचं सीरम आयर्न (रक्तातलं लोह) आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची क्षमता) करून सॅच्युरेशन, म्हणजे त्या क्षमतेपैकी किती टक्के भरली आहे ते, काढायला सांगा. ते ४५ टक्क्यांच्या वर असेल तर जादा लोहाचा विचार. १६-२० च्या खाली असेल तर फेरिटिन कितीही दिसो, लोह रक्तापर्यंत पोचत नाहीये. तोवर आईंच्या गोळ्या बंद राहिल्या तरी चालेल, महिनाभरानं काही बिघडत नाही. इलाज दाहाचा व्हायला हवा.

एक शंका मनात आहे, ती विचारतेच. आई सांधेदुखीसाठी बाजाराच्या दिवशी मिळणारी पुडी घेतात का? नाव नाही, लेबल नाही, आणि दोन दिवसांत गुडघे पळायला लागतात अशी? अशा पुड्यांमध्ये बरेचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चेहरा गोल होतो, कातडी कागदासारखी पातळ होते, साखर चढते. बाहेरून स्टेरॉइड मिळतंय म्हटल्यावर ॲड्रिनल झोपी जातात. मग एखाद्या महिन्यात पुडी मिळाली नाही की उलट्या, भोवळ, रक्तदाब खाली. माझ्या दवाखान्यात ॲड्रिनल थकण्याचं सगळ्यात मोठं कारण लोह नाही, क्षयही नाही. ही पुडी आहे. आई घेत असतील तर रागावू नका आणि एकदम बंदही करू नका. पुडी कागदासकट घेऊन या. मापानं कमी करत महिन्या-दोन महिन्यांत, कधी जास्त वेळानं, सोडवता येते.

प्रश्न : वय ४६, अर्जुनी मोरगाव. शिबिरात फेरिटिन ६२० आलं. त्रास काही नाही, पोट सुटलंय, संध्याकाळी थोडी घेतो. कमजोरी नको म्हणून लोहभस्माच्या गोळ्या सहा महिने खाल्ल्या. रक्त देऊन टाकलं तर लोह उतरेल का? – एक शेतकरी

उत्तर : भाऊ, लोहभस्म आधी थांबवा. कमतरता तपासली नसताना ते घेण्यात काही अर्थ नव्हता. पण ६२० चं कारण बहुधा दारू आणि यकृतावरची चरबी. दोन्हींत लोह फार न वाढताही फेरिटिन चढतं. सॅच्युरेशन, यकृताच्या तपासण्या, सोनोग्राफी आणि साखर करून घ्या. सॅच्युरेशन ४५ च्या वर राहिलं तर पुढचा शोध. युरोपात जादा लोहाचा एक आनुवंशिक आजार बराच आढळतो, त्याचं एचएफई जनुक १९९६ साली सापडलं. त्यात नियमित रक्त काढणं हाच इलाज असतो, दर वेळी साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह निघतं. आपल्या लोकांत तो दुर्मीळ आहे.

रक्तदान तुम्ही जरूर करा, हिमोग्लोबिन चांगलं असेल तर. वरच्या पत्रातल्या मुलीसारखी मुलं त्यावर जगतात. पण रक्तपेढीच्या डॉक्टरांना हा रिपोर्ट आणि दारूचं खरं प्रमाण सांगून. दीड-दोन महिने दारू पूर्ण बंद ठेवून फेरिटिन पुन्हा मोजा. रोज घेत असाल, सकाळी हात थरथरत असतील, तर मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नका. आधी ग्रामीण रुग्णालयात या, गोळ्यांच्या आधारानं सोडवू.